पेडल स्टील आणि इलेक्ट्रिक गिटार: दोन्हींसाठी एक अ‍ॅम्प निवडताना

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला बहुधा असा अ‍ॅम्प आवडतो, ज्याचा आवाज जोरात छेडल्यावर किंचित फाटतो, म्हणजे खरखरीत होतो. रॉक आणि ब्लूजमधील गिटारचा गडद, खरखरीत आवाज त्या फाटण्यातूनच घडला आहे आणि त्यासाठी मुद्दाम कमी शक्तीचे अ‍ॅम्प शोधले जातात. पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पायाच्या पेडलांनी सूर बदलत वाजवायची गिटार, वाजवणाऱ्याची गरज याच्या नेमकी उलट असते. त्याला खर्जापासून तार सप्तकाच्या टोकापर्यंत प्रत्येक सूर स्वच्छ हवा असतो आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या क्षणीही अ‍ॅम्पमध्ये काही शक्ती शिल्लक असावी लागते. या शिलकीला वादक ‘हेडरूम’ म्हणतात. दोन्ही वाद्ये एकाच अ‍ॅम्पवर वाजवायची असतील, तर निवड पेडल स्टीलच्या बाजूने करावी, असे माझे ठाम मत आहे. स्वच्छ अ‍ॅम्पसमोर आवाज बदलणारे एक इफेक्ट पेडल जोडून गिटारसाठी आवाज फाडता येतो. फाटणारा अ‍ॅम्प मात्र कोणत्याही पेडलने स्वच्छ करता येत नाही.

पेडल स्टील हे वाद्य अमेरिकेतील, विशेषतः नॅशव्हिलच्या कंट्री संगीतातील आहे. आपल्याकडे ते क्वचित दिसते. परंतु व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग या वादकांमुळे घरोघरी पोहोचलेली इलेक्ट्रिक हवाईयन गिटार ही त्याची जवळची नातलग आहे. ती वाजवणाऱ्यांनाही पुढील बहुतेक सर्व मुद्दे जसेच्या तसे लागू पडतात.

वाद्य अ‍ॅम्पकडे काय मागते

पेडल स्टीलच्या प्रत्येक पट्टीवर (तारांच्या एका संचावर) सहसा 10 तारा असतात. नॅशव्हिलमध्ये रूढ असलेल्या ई-नाइन्थ जुळणीत (तारा लावण्याच्या पद्धतीत) सर्वांत खालची तार सुमारे 123 हर्ट्झची असते. दुहेरी पट्टीच्या वाद्यात जी दुसरी जुळणी असते, त्या सी-सिक्स्थची खालची तार 65 हर्ट्झपर्यंत उतरते. गिटारची जाड ई तार 82 हर्ट्झची आहे. म्हणजे सी-सिक्स्थ वाजवणारा माणूस गिटारपेक्षाही खाली जातो आणि हाच माणूस बार 24 व्या खुणेपर्यंत सरकवून ई-नाइन्थच्या तिसऱ्या तारेवर 1,660 हर्ट्झच्या आसपासचा सूर धरतो. आपण यांपैकी केवळ ई-नाइन्थ वाजवणार की दोन्ही, हे आधी ठरवावे, कारण स्पीकरचा आकार पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

दुसरी बाब व्हॉल्यूम पेडलची. स्टीलवादक तार छेडताना पाय अर्ध्यावर ठेवतो आणि सूर विझू लागला की पेडल हळूहळू उघडत नेऊन त्याची पातळी टिकवतो. या वाद्याचा तो लांबलेला, गायकीच्या जवळ जाणारा सूर यातूनच येतो. यासाठी अ‍ॅम्पची पातळी इतकी वर ठेवावी लागते की विझत चाललेली तारही पूर्ण उघड्या पेडलवर भरून ऐकू यावी. त्याच पातळीवर पाय थोडा पुढे असताना तीन-चार तारा एकदम जोरात छेडल्या गेल्या, तर त्या क्षणापुरती अ‍ॅम्पवरील मागणी कित्येक पटींनी वाढते. गिटारवादकाच्या वाजवण्यात असे टोक सहसा येत नाही.

तिसरी बाब स्टीलच्या पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणाऱ्या भागाची आहे. त्यावर तारेचे वेढे पुष्कळ असतात, त्यामुळे त्याचा रोध अनेकदा 17 ते 20 किलोओहम भरतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारचा पिकअप साधारण 6 किलोओहमचा असतो. अधिक वेढ्यांमुळे अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यावर येणारा संदेशही जोरकस असतो. त्यात दोन सूर एकत्र असताना त्यांतील एक वाद्याच्या पायपेडलने वर सरकवणे हा या वाद्याचा प्राण आहे. अ‍ॅम्प फाटू लागला की त्या दोन सुरांच्या संयोगातून नको असलेले तिसरे-चौथे सूर तयार होतात आणि एक सूर सरकू लागताच तेही वेडेवाकडे सरकतात. म्हणून गिटारच्या एका सुरावर सुंदर वाटणारे फाटणे स्टीलच्या त्रिसुरावर चिखल करून टाकते.

वॅट किती हवेत

वॅटच्या आकड्यावर बरीच खरेदी होते. मात्र कानाचा हिशेब वेगळा आहे. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब 22 वॅटचा आहे आणि ट्विन रिव्हर्ब 85 वॅटचा. दोहोंतील फरक जेमतेम 6 डेसिबलचा आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘संवेदनशीलता’ या नावाने डेसिबलमध्ये दिलेला आकडा इथे फार महत्त्वाचा ठरतो. 97 ऐवजी 103 डेसिबलचा स्पीकर बसवला, तर तेवढ्यानेच शक्ती चौपट केल्याइतका फरक पडतो. वॅटच्या शेजारी हा आकडा पाहिल्याशिवाय दोन अ‍ॅम्पची तुलना करू नये.

घरी सरावासाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी 15 ते 25 वॅटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प पुरतो आणि गिटारला तर तो फारच शोभतो. ड्रम्ससोबत स्टील वाजवायचे असेल, तर व्हॉल्व्हचे 80 किंवा ट्रान्झिस्टरचे 100 ते 200 वॅट हाताशी असावेत. ट्रान्झिस्टरचे वॅट अधिक सांगण्याचे कारण असे की व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मर्यादेपाशी पोहोचला की सूर हळूहळू दाबतो आणि त्यामुळे त्याच्या कडेपर्यंत वाजवता येते. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प मर्यादा ओलांडताच एकदम तुटतो, म्हणून त्याच्या कडेपासून दूर राहावे लागते. फेंडरने 2019 मध्ये ट्विन रिव्हर्बची टोन मास्टर ही डिजिटल आवृत्ती काढली, तेव्हा मूळच्या 85 वॅटची बरोबरी करण्यासाठी तिच्यात 200 वॅटचा शक्तिवर्धक बसवला, यावरून हा फरक लक्षात यावा.

स्पीकर आणि पेटी

स्टीलवादकांमध्ये 15 इंची स्पीकरची परंपरा जुनी आहे. जेबीएलचा डी130एफ, पीव्हीचा ब्लॅक विडो आणि अलीकडचा एमिनन्स ईपीएस-15सी ही त्यातील नावे. मोठा पडदा खर्ज भरून देतो आणि वरच्या सुरांची धार थोडी बोथट करतो, आणि स्टीलला या दोन्ही गोष्टी मानवतात, कारण त्याचा पिकअप तारांच्या अगदी टोकाशी असल्याने आवाज मुळातच धारदार असतो. सी-सिक्स्थ वाजवणाऱ्याने 15 इंचीचाच विचार करावा. केवळ ई-नाइन्थ आणि सोबत गिटार असेल, तर एक किंवा दोन 12 इंची स्पीकर अधिक सोयीचे, कारण 15 इंचीवर गिटार मंद आणि जड वाटण्याचा संभव असतो.

मात्र तो 12 इंची स्पीकर भरपूर शक्ती पेलणारा हवा. सेलेशनच्या ग्रीनबॅकसारखे 25 वॅटचे स्पीकर स्वतःच फाटतात आणि गिटारवादकांना ते त्यासाठीच प्रिय आहेत. अ‍ॅम्पमध्ये शक्ती शिल्लक असतानाही स्टीलचा आवाज खरखरत असेल, तर दोष बहुधा अशा स्पीकरमध्ये सापडतो.

बाहेरची पेटी जोडताना ओहमची गाठ जुळवावी लागते. दोन 8 ओहमचे स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला त्याच्या किमान मर्यादेखाली नेऊ नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा ओहम स्पीकरशी जुळलेला असावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. त्यात त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कोणते अ‍ॅम्प पाहावेत

1963 साली आलेला ट्विन रिव्हर्ब हा दोन्ही वाद्यांचा खरा समाईक अ‍ॅम्प आहे. चार 6एल6 व्हॉल्व्ह, दोन 12 इंची स्पीकर, स्वतःचा स्प्रिंग रिव्हर्ब (सभागृहासारखे पडसाद देणारी सोय) आणि सहजासहजी न फाटणारा आवाज यांमुळे तो स्टीलवादकांनी लगेच आपलासा केला. त्याची अडचण वजनाची आहे: सध्या मिळणारी व्हॉल्व्हची आवृत्ती सुमारे 29 किलोची आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, स्वतःच सामान उचलणाऱ्या वादकाने ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी. टोन मास्टर आवृत्ती जवळपास त्याच्या निम्म्या वजनाची असून तिची शक्ती 1 वॅटपर्यंत उतरवता येते, त्यामुळे घर आणि स्टेज दोन्हीकडे ती चालते. आज नवा अ‍ॅम्प घेणाऱ्या आणि दोन्ही वाद्ये वाजवणाऱ्या माणसाला मी प्रथम हीच ऐकायला सांगेन.

ट्रान्झिस्टरच्या बाजूला पीव्हीचे घराणे मोठे आहे. 1970 च्या दशकातील सेशन 400 आणि त्यानंतरचा 210 वॅटचा नॅशव्हिल 400 हे 15 इंची स्पीकरचे अ‍ॅम्प खास स्टीलसाठी घडवलेले होते. 80 वॅटचा, 12 इंची स्पीकरचा नॅशव्हिल 112 हा त्यांचा लहान, सुटसुटीत भाऊ. हे आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात. गिटारला ते थोडे कोरडे वाटतात, पण समोर चांगले ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारे) पेडल ठेवले की काम उत्तम भागते. रोलँडचा जेसी-120 हा 1975 पासूनचा, 60 वॅटच्या दोन शक्तिवर्धकांचा अ‍ॅम्प जगभरच्या स्टेजवर भाड्याने मिळतो. तो अत्यंत स्वच्छ आहे, मात्र वरचे सूर त्यात चमकतात, म्हणून स्टील जोडताना ट्रेबल बरेच खाली आणावे. व्हॉक्स एसी30 सारखे अ‍ॅम्प गिटारसाठी अप्रतिम असले, तरी या लेखातील कामासाठी ते वगळावेत, कारण ते फार लवकर फाटतात.

निवडलेल्या अ‍ॅम्पवर मधल्या पट्टीची, म्हणजे मधल्या सुरांचा जोर बदलणारी बटणे कशी आहेत, तेही पाहून घ्यावे. फेंडरच्या रचनेत बटणे मध्यावर असतानाही 400-500 हर्ट्झच्या आसपास आवाज खाली दबलेला असतो आणि स्टीलला ते मानवते. पीव्हीच्या नॅशव्हिल अ‍ॅम्पमध्ये कोणती पट्टी दाबायची ते निवडण्यासाठी वेगळे बटण आहे, आणि अनेक स्टीलवादक ते 800 हर्ट्झपाशी ठेवून तेथील आवाज कमी करतात; नाकात बोलल्यासारखा येणारा स्वर त्याने जातो. गिटारला मात्र नेमकी हीच पट्टी बँडमधून वर काढत असते. तेव्हा दोन वाद्यांसाठी दोन स्वतंत्र चॅनेल, किंवा निदान गिटारच्या वाटेत एक इक्वलायझर (निरनिराळ्या पट्ट्यांचा जोर बदलणारे) पेडल असणे ही सोय नव्हे, गरज आहे.

दोन वाद्ये एका अ‍ॅम्पला जोडणे

सर्वांत अधिक गोंधळ इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ट्विनवर नॉर्मल आणि व्हायब्रेटो असे दोन चॅनेल आहेत. एकेका वाद्याला एकेक देण्याचा मोह होतो, परंतु मूळ रचनेत रिव्हर्ब फक्त व्हायब्रेटो चॅनेलला आहे आणि रिव्हर्बशिवाय स्टील फार उघडे पडते. तेव्हा स्टील व्हायब्रेटोला जोडून गिटार नॉर्मलला द्यावी, किंवा दोन्ही वाद्ये ए-बी स्विचमधून (दोन वाटांपैकी एक निवडणाऱ्या स्विचमधून) व्हायब्रेटोलाच न्यावीत. दोन्ही चॅनेल एका वेळी एकाच वाद्याने वापरू नयेत. त्यांतून येणाऱ्या ध्वनिलहरींची कला (फेज) एकमेकींच्या उलट असल्याने आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो.

प्रत्येक चॅनेलला केबल जोडण्याची दोन छिद्रे असतात. पहिल्याचा इनपुट रोध 1 मेगाओहम आहे. दुसरे एकटे वापरले की संदेश 6 डेसिबलने कमी होतो आणि रोधही सुमारे 136 किलोओहमवर येतो. स्टीलच्या जोरकस पिकअपला दुसऱ्या छिद्रात घातले, तर पहिला टप्पा फाटणे थांबते आणि ट्रेबलही किंचित मावळते. ज्यांचे स्टील कर्कश वाटते, त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी हा फुकटचा उपाय करून पाहावा. ब्राइट बटण स्टीलसाठी बंदच असावे.

जोडणीचा माझा क्रम असा आहे. स्टीलमधून केबल प्रथम बफरमध्ये (पिकअपवर भार न टाकता संदेश पुढे पाठवणाऱ्या छोट्या यंत्रात), तेथून व्हॉल्यूम पेडलमध्ये आणि तेथून ए-बी स्विचच्या पहिल्या वाटेत जावी. गिटार ओव्हरड्राइव्ह आणि इक्वलायझर पेडलांतून दुसऱ्या वाटेत यावी. स्विचच्या पुढे, दोन्हींसाठी समाईक, डिले (पडसाद देणारे पेडल) असावा आणि त्यानंतर अ‍ॅम्प. बफर यासाठी की 500 किलोओहमचे साधे व्हॉल्यूम पेडल पिकअपवर भार टाकते आणि पाय मागे घेताना आवाजासोबत ट्रेबलही घटवते. बफरनंतर पाय कुठेही असला तरी स्वर तोच राहतो. गिटारसाठी सर्रास विकली जाणारी 250 किलोओहमची पेडले स्टीलला वापरू नयेत. गुडरिचची पोटेन्शियोमीटरवर चालणारी आणि हिल्टनची विजेवर चालणारी पेडले स्टीलवादकांच्या पायाखाली वर्षानुवर्षे आहेत. हिल्टन घेतल्यास वेगळ्या बफरची गरज उरत नाही. स्टीललाच कधी ओव्हरड्राइव्ह द्यायचा असेल, तर तो व्हॉल्यूम पेडलच्या आधी ठेवावा, म्हणजे पाय हलला तरी फाटण्याचे प्रमाण बदलत नाही. डिले मात्र नेहमी नंतर, म्हणजे पेडल मिटले तरी आधीच्या सुराचे पडसाद तुटत नाहीत.

अ‍ॅम्पची पातळी स्टीलवर लावावी. व्हॉल्यूम पेडल पूर्ण उघडावे, खालच्या तारांसह सर्वांत जोराचा त्रिसूर छेडावा, पहिली खरखर ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवावा आणि तेथून थोडा मागे यावे. मग गिटार जोडून पाहावी. ती दबकी वाटेल, कारण तिचा पिकअप सौम्य आहे. अ‍ॅम्पला हात न लावता गिटारच्या वाटेतील पेडलने तिला वर आणावे.

दुकानात ऐकताना

स्वतःचे वाद्य, व्हॉल्यूम पेडल आणि केबल घेऊन जावे. दुसऱ्याच्या वाद्यावर घेतलेली पारख फसवी असते. प्रथम सर्व बटणे मध्यावर ठेवून तिसरी तार 12 व्या खुणेच्या वर, एकेक सूर लांबवत वाजवावी. इथे कानाला टोचणारा अ‍ॅम्प स्टेजवर अधिक टोचणार, म्हणून ट्रेबल कमी करून टोचणे जाते का, की सूरच मरतो, ते ऐकावे. यानंतर खालच्या तारा. खर्जात नेमका सूर ओळखू येतो की नुसता घुमारा, हे पाहावे. मग आठव्या, सहाव्या आणि पाचव्या तारेचा त्रिसूर धरून पहिले दोन पेडल सावकाश दाबावेत आणि सुरांच्या वाटचालीत कुठे गढूळपणा येतो का, याकडे लक्ष द्यावे. हे सर्व बँडमध्ये वाजवतो त्या मोठ्या आवाजात, सलग काही मिनिटे करावे; हळू आवाजात सारेच अ‍ॅम्प चांगले वाटतात. शेवटी वाद्याचा आवाज बंद करून अ‍ॅम्पची नुसती सूं-सूं ऐकावी. व्हॉल्यूम पेडल पूर्ण उघडे असताना ती सुराच्या शेपटाला चिकटून राहते.

जुना अ‍ॅम्प घेताना

जुन्या पीव्हीमध्ये आवाज मधूनच बसतो, तेव्हा दोष पुष्कळदा मागील जोडछिद्रांच्या गंजलेल्या संपर्कात असतो. सेंड आणि रिटर्न या छिद्रांमध्ये एक छोटी केबल जोडून आवाज परत येतो का ते पाहावे. आला, तर दुरुस्ती अगदी स्वस्त आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये खालची घरघर वाढलेली असेल, तर फिल्टर कपॅसिटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी. आतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही 400 व्होल्टहून अधिक दाब धरून ठेवतात, त्यामुळे पेटी उघडण्याचे काम जाणकार कारागिरावरच सोपवावे. जुन्या फेंडरला दोन पिनांची वायर असेल, तर ती तीन पिनांची करून घ्यावी आणि ग्राउंड स्विचला जोडलेला कपॅसिटर काढून टाकायला सांगावे.

अमेरिकेतून अ‍ॅम्प आणताना

अमेरिकेत राहणारे नातेवाईक किंवा परत येणारे मित्र यांच्याकडून अ‍ॅम्प मागवणारे पुष्कळ आहेत. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. अ‍ॅम्पच्या मागील पाटीवर 230 किंवा 240 व्होल्टचा उल्लेख नसेल, तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेलच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो घेताना पाटीवरील वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा आणि त्यात तांब्याचे वेढे आहेत, याची खात्री करावी. प्रवासात केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर अ‍ॅम्पला कधीही लावू नयेत. केवळ 60 हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर अधिक तापतो. पहिल्या दिवशी तासभर वाजवून त्यावर हात ठेवून पाहावा, आणि हात ठेववत नसेल तर भारतीय विजेसाठीचा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा.

अर्थिंगकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नये. स्वस्त स्टेप-डाऊन पेट्यांच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन जोडलेलीच नसते, आणि जुन्या सभागृहांत भिंतीतील अर्थही नावापुरता असतो. एका हातात धातूचा बार, बोटांखाली तारा आणि ओठांसमोर मायक्रोफोन, अशी स्टीलवादकाची बैठक असते; अर्थ तुटलेला असेल तर ओठांना बसणारा झटका जिवावर बेतू शकतो. सॉकेट तपासण्याचे तीन दिव्यांचे छोटे टेस्टर केबलच्या पिशवीत कायम ठेवावे आणि अ‍ॅम्प जोडण्यापूर्वी ते लावून पाहावे. अर्थ नसल्याचे दिसले, तर अर्थची पिन तोडून किंवा टाळून घरघर कमी करण्याचा कुणी दिलेला सल्ला ऐकू नये. वायरमनला बोलावून जोडणी नीट करून घ्यावी आणि तोवर अ‍ॅम्प सुरू करू नये.